गप्प बसायचं काम

कपाशीची पहिली वेचणी लागली की माझे कान टवकारले जातात. सकाळी वेचणीच्या बायांना घेऊन ॲपे रिक्षा गल्लीतून निघते. त्यांच्या बोलण्याचा कालवा वळणापर्यंत ऐकू येतो आणि तिथं एकदम तुटतो. तो तुटला की मी हातातलं काम सोडून ऐकत राहते. झालेलं काहीच नसतं, ॲपे वळलेली असते. पण काही वर्षांपूर्वीच्या एका वेचणीपासून कुणाचंही बोलणं मध्येच थांबलं की ते पुन्हा सुरू होईपर्यंत मी वाट बघते.

यंदाचा कापूस कालच माडीवर येऊन पडला. उमापुरात आमचं घर म्हणजे खाली किराणा दुकान, मागं अंगण आणि वर ही एक लांबट खोली. मनासारखा भाव येईपर्यंत कापूस इथंच राहतो. अर्ध्या खोलीत छताला टेकत आलेला पांढरा ढीग, उरलेल्या अर्ध्यात माझं टेबल, लॅपटॉप आणि खिडकी. खोलीला उन्हाचा, वाळक्या पाल्याचा, सरकीचा वास असतो. चार दिवसांत मानेला खाज सुटते. माझे सासरे, अप्पा, दर वर्षी म्हणतात, "यंदा तुझी खोली मोकळी ठिवू." आणि दर वर्षी कापूस इथंच येतो. मलाही मनातून तेच हवं असतं. कापूस आवाज पिऊन टाकतो. इथं बोललं की शब्द भिंतीवर आपटून परत येत नाहीत. माझी नैरोबीतली सहकारी वांजिरू हिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुझ्याकडे स्टुडिओ आहे का?" मी कॅमेरा ढिगाकडे वळवला. ती कितीतरी वेळ हसत होती.

माझं काम गावात कुणाला नीट सांगता येत नाही. एखादं ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी ते त्यांना वापरता येतं का, हे बघायचं. त्या वर्षी साखरेचा आजार असलेल्या लोकांसाठी एक ॲप तयार होत होतं. घरी बोट टोचून साखर तपासायची, आकडा ॲपमध्ये भरायचा, तो दवाखान्यात पोचायचा. केनियात, फिलिपिन्समध्ये, आयर्लंडमध्ये माणसं निवडली होती. ती आपापल्या घरी बसायची, मी किंवा वांजिरू व्हिडिओवरून त्यांना एकेक काम सांगायचो आणि ती ते कसं करतात ते बघायचो. एकीनं बोलायचं, दुसरीनं पडद्यामागं राहून टिपणं काढायची. ही माणसं जमवून देणारी एजन्सी वेगळी होती. त्यांची पूर्ण नावं, पत्ते आम्हाला ठाऊक नसायचे. माणसाची खाजगी गोष्ट खाजगी राहावी म्हणून तसा नियमच होता. आणखी एक नियम होता, तो मला पहिल्या नोकरीत पुण्यात शिकवला होता आणि माझ्या अंगात मुरला होता. समोरचा अडकला तरी मदत करायची नाही. गप्प बसायचं.

रंगीत तालीम म्हणून मी अप्पांनाच समोर बसवलं होतं. त्यांनाही साखर आहे, रोज इन्सुलिन घेतात.

"म्हंजी मी चुकलो की तू सांगनार," अप्पा म्हणाले.

"नाही. तुम्ही चुकत नसता अप्पा, ॲप चुकतं. आपण ॲपची परीक्षा घेतोय, तुमची नाही."

"आन् मी अडकून बसलो तर?"

"तरी मी गप्प बसणार. तुम्ही काय करता ते बघणार."

अप्पांनी चष्मा कपाळावर भस्माच्या पट्ट्यांपाशी नेला. "कावून गं? दुकानात गिऱ्हाईक गोंधळलं तर आमी इचारतो, काय पायजे म्हनून. तुमचं उलटंच हाय."

मग ते खरोखर अडकले. दुसऱ्या पानावर एक हिरवं बटण होतं, ते दाबलं की पान परत पहिल्यासारखं व्हायचं. अप्पांनी ते दाबलं, पुन्हा दाबलं, माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा कोरा ठेवला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. सत्तरीतला माणूस, गावातली निम्मी भांडणं ज्यांच्या दुकानाच्या पायरीवर मिटतात, तो शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून बसला. शेवटी म्हणाले, "नापास झालो काय?" मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, परीक्षा ॲपची आहे. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलेलं नव्हतं.

गप्प बसणंही मुलखागणिक वेगळं असतं, हे मला त्या दिवसांत कळत गेलं. फिलिपिन्समधल्या एक निवृत्त शिक्षिका अडकल्या की हसायच्या, आणि जितकं जास्त अडकतील तितकं जास्त हसायच्या. केनियातला एक टॅक्सीवाला गाडी झाडाखाली लावून आतच बसला होता, तो अडकला की गुणगुणायचा. अप्पा जिभेनं टॉक करतात. या सगळ्या शांतता ऐकायची मला सवय झाली होती, अभिमानही वाटायला लागला होता. कुणी विचारात असलं की कळायचं, कुणी कंटाळलं की कळायचं. असं मला वाटायचं.

बाहेरचे दिवस मात्र धड नव्हते. बोंडं फुटून लोंबत होती आणि रोज दुपारी नगरच्या बाजूनं आभाळ भरून यायचं. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो काळवंडतो. बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या तर अर्धा दिवसच थांबायच्या. जेवताना घरात कुणी बोलायचं नाही, सगळ्यांचं लक्ष खिडकीतून वर. लाईटचा भरवसा नव्हता. इन्व्हर्टर होता, पण लाईट गेली की इंटरनेटचा डबा बंद पडून परत सुरू व्हायला वेळ घ्यायचा. कंपनीतल्या एका साहेबांनी आधीच विचारलं होतं, खेड्यातून हे काम होईल का म्हणून. मी होईल म्हटलं होतं. प्रत्येक सत्राआधी मी लाईनमनला फोन लावायचे आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "आज न्हाई जानार ताई."

त्या दुपारी मॉरीनबाईंची पाळी होती.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात त्या एकट्या राहत होत्या. आपल्याकडे दुपार कलत होती, वांजिरूकडे ऐन मध्यान्ह, त्यांच्याकडे सकाळ. ॲप त्यांच्यापुढच्या मोबाइलवर होतं, आमचा व्हिडिओ समोरच्या लॅपटॉपवर. पडद्यावर त्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं. खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ, मागं शेगडीवर किटली, टेबलावर उजव्या हाताला लाल झाकणाची मुरंब्याची बरणी, तिच्यात चमचा. पांढरे केस नीट विंचरलेले, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक मायेचा शब्द यायचा, आपल्याकडे बाया 'माय' म्हणतात तसा.

"मी तासभर आधीच येऊन बसलेय, माय," त्या म्हणाल्या. "उशीर नको व्हायला. तुमच्या पत्रात लिहिलं होतं, वेळेवर हजर राहा म्हणून."

मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही.

"तसं सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढं ओढून बसल्या.

पहिलं काम त्यांनी झटक्यात केलं. दुसऱ्या पानावर अडकल्या. हिरवं बटण. सगळेच तिथं अडकत होते, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. मी गप्प बसले. वांजिरूनं टिपणाच्या चौकटीत लिहिलं, 'विचार करताहेत.' मॉरीनबाईंनी बटण दाबलं. पान परत आलं. पुन्हा दाबलं. त्यांनी मोठ्यानं पानावरचं वाक्य वाचलं, मग तेच वाक्य पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना मधला एक शब्द गाळला. चहाच्या फडक्यानं कपाळ पुसलं. खिडकीबाहेर पाऊस होता, त्या गारठ्यात त्यांना घाम येत होता.

मी गप्प होते. कापसाच्या त्या खोलीत माझा श्वास मला ऐकू येत होता.

"नोरा," त्या म्हणाल्या, "दिवा घालव ना."

नोरा कोण? माझं नाव शुभांगी, त्यांच्या तोंडी शुबा होत होतं. दिवाही लागलेला नव्हता. वांजिरूनं लिहिलं, 'कुणाशी बोलताहेत?' मॉरीनबाईंचं बोट मोबाइलच्या पडद्यावर त्याच जागी पडत होतं, उचललं जात होतं, पुन्हा पडत होतं. त्यात कंटाळा नव्हता, राग नव्हता, विचारही नव्हता.

आणि मला अप्पांचा हात आठवला. आदल्या साली एका दुपारी दुकानात ते एका पुड्याला दोरा गुंडाळत होते. गुंडाळत होते आणि गुंडाळतच होते. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "अप्पा, पुडा बांधताय का भवरा?" अप्पा हसले नाहीत, थांबलेही नाहीत. आत जेवण झाकून ठेवलेलं, इन्सुलिन टोचून झालेलं आणि दुकानात गर्दी म्हणून घास राहून गेलेला. साखर उतरली होती. सासूबाईंनी धावत येऊन त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला, तेव्हा तो दोरा सुटला.

मी नियम मोडला. "मॉरीनबाई, आपण थांबू या. तुम्ही सकाळी इंजेक्शन घेतलंय का?"

"घेतलंय ना."

"आणि नाश्ता?"

"नंतर," त्या म्हणाल्या. "आधी हे."

"तुमची साखर कमी झाली असावी. काहीतरी गोड खा. आत्ता."

"मी करतेय!" त्यांचा आवाज चिरकला. "मला येतंय. मध्ये बोलू नका. मी करतेय." बोट पुन्हा त्याच जागी.

मी समजावलं, विनवणी केली, आवाज चढवला. जितकं बोलावं तितक्या त्या पडद्याकडे वाकत होत्या. त्यांना हे पूर्ण करायचं होतं. अंगातली साखर संपत आलेली आणि मनात एकच गोष्ट उरलेली, नापास व्हायचं नाही. वांजिरूनं एका हातानं एजन्सीला फोन लावला होता. टिपणाच्या चौकटीत मला तिचे शब्द दिसत होते. उचलत नाहीत. उचलत नाहीत. पत्ता त्यांच्याकडेच आहे.

मला त्या किटलीवरचा डाग दिसत होता, मोत्यांच्या माळेतलं अंतर दिसत होतं, आणि त्या कुठल्या गावात, कुठल्या गल्लीत आहेत ते माहीत नव्हतं.

मग मी श्वास घेतला आणि माझा कामाचा आवाज काढला. सपाट, संथ, प्रत्येक सत्रात असतो तसा. "छान. आता पुढचं काम. मॉरीनबाई, पुढचं काम ऐका. तुमच्या उजव्या हाताला लाल झाकणाची बरणी आहे. ती जवळ घ्या."

बोट थांबलं. त्यांनी मान वळवली. हात टेबलावर चाचपडत गेला आणि बरणीला लागला.

"छान. आता चमचा उचला."

त्यांनी चमचा उचलला. तो भरलेला होता की नाही ते मला दिसलं नाही. कारण त्याच क्षणी पंखा घरघरत थांबला, इन्व्हर्टर खटकन लागला आणि पडद्यावर मॉरीनबाई चमचा अर्ध्यात धरून गोठल्या.

लाईट गेली होती.

मी फोन घेऊन गच्चीवर धावले. गच्चीच्या एका कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. आभाळ काळं झालं होतं. मागच्या रानात बाया घाईनं वेचत होत्या, कमरेला बांधलेली कापसाची ओटी सावरत, एकमेकींना हाका मारत. मी वांजिरूला लिहिलं, 'तू बोल. कामासारखं सांग.' तोवर ती बोलायला लागलेलीही होती. एरवी सत्रभर पडद्यामागं राहणारी ती मुलगी मॉरीनबाईंना प्रथमच ऐकू येत होती, आणि तिनं माझाच सपाट आवाज लावला होता. मध्ये मध्ये ती मला लिहीत होती.

'चमचा तोंडात.'

मग काही नाही. मी टाकीला टेकून उभी. फोनच्या वरच्या टोकाला रेंजची एक काडी येत होती, जात होती.

'थांबल्या. डोळे मिटलेत.'

अप्पा जिना चढून वर आले. कधी नव्हे ते घाईत. "पानी येतंय, कापूस..." म्हणाले आणि माझा चेहरा बघून थांबले. मी फोन त्यांच्यापुढं धरला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी सांगितलं, तिकडच्या बाईंची साखर उतरलीय, एकट्या आहेत, पत्ता माहीत नाही.

अप्पा माझ्याशेजारी टाकीला टेकून उभे राहिले. खालून कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. ते हलले नाहीत. गळ्यातल्या इष्टलिंगावर त्यांचा हात गेला आणि तिथंच राहिला.

'दुसरा चमचा घेतला.'

'तिसरा. स्वतःहून.'

मी वाचून दाखवलं. अप्पांनी मोठा श्वास सोडला. "चावून न्हाई, तसंच गिळू दे म्हनावं," ते म्हणाले. "लवकर लागतं."

फोनवरून मी परत जोडले गेले तेव्हा मॉरीनबाईंच्या हनुवटीला मुरंबा लागला होता. त्या वांजिरूला दरडावून विचारत होत्या, तू कोण, आणि माझ्या स्वयंपाकघरात काय चाललंय. त्यांचा तो राग ऐकून मला रडू आलं. राग म्हणजे माणूस परत आलं. थोड्या वेळानं त्यांच्या दारावर थाप पडली. एजन्सीनं अखेर फोन उचलून तिकडच्या रुग्णवाहिकेला कळवलं होतं. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस आत आला, खाली वाकला, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

त्यानंतर कित्येक दिवस काही कळलं नाही. नियमाप्रमाणं आम्हाला विचारताही येत नव्हतं. पाऊस आमच्या रानावर दोन सरी टाकून पुढं गेवराईकडे सरकला. निम्मा कापूस वाचला. संध्याकाळी अप्पा दुकान आवरताना विचारायचे, "मॉरीनबाईंचं काय?" मी मान हलवायचे. ते पुढं काही विचारायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. घरातल्या कुणी त्यांना पाहिलं नव्हतं, तरी त्यांचं नाव रोज निघायचं.

साहेबांनी रेकॉर्डिंग मागवून पाहिलं. मला वाटलं, खेड्यातून काम नको म्हणतील. लाईट गेली तिथं ते थांबतील असंही वाटलं. ते थांबले त्याच्या खूप आधी, मॉरीनबाई तेच वाक्य दुसऱ्यांदा वाचत होत्या तिथं. "इथं तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी आम्हा दोघींना विचारलं. वांजिरू म्हणाली, "विचार करताहेत." मी म्हणाले, "मलाही तेच वाटलं." साहेब म्हणाले, "मी तीनदा पाहिलं. मलाही तसंच वाटतं."

बुद्धी चालू असतानाची शांतता आणि बुद्धी विझत असतानाची शांतता बाहेरून सारखीच दिसते. मी त्या दोन्ही कितीदा तरी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. आजही नवीन माणसासमोर गप्प बसते तेव्हा माझं अर्धं लक्ष ॲपवर असतं आणि अर्धं त्याच्या कपाळाकडे.

आमंत्रणाचं पत्र बदललं. वेळेवर या, याच्या आधी आता नाश्ता करून या, असं लिहिलेलं असतं. आणि मी नि वांजिरूनं हट्ट धरून पहिल्या प्रश्नाच्याही आधी एक प्रश्न घालून घेतला. जेवलात का? साहेब म्हणाले, हे जरा घरगुती वाटतं. वांजिरू म्हणाली, आमच्याकडेही दारात आलेल्याला हेच विचारतात. टॅक्सीवाल्याला विचारलं तर त्यानं डबा उघडून दाखवला. फिलिपिन्सच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या भाषेत तर नमस्काराऐवजी हेच म्हणतात. जगातली एवढी माणसं एकमेकांना हे विचारतात आणि आमच्या कागदावर ते नव्हतं.

वेचणी सरत आली तेव्हा एजन्सीचा निरोप आला. मॉरीनबाई बऱ्या आहेत. आणि त्यांना ते सत्र पुन्हा द्यायचंय. साहेब म्हणाले, गरज नाही. एजन्सीनं कळवलं, त्या ऐकत नाहीत. अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही.

त्या दिवशी मी लाईनमनला फोन केला नाही. पडद्यावर तेच स्वयंपाकघर उघडलं. खिडकीत ऊन होतं. मॉरीनबाई जरा वाळल्या होत्या, पण माळ होती, केस नीट होते. वांजिरूही या वेळी पडद्यामागं न राहता समोर आली, कारण त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "ती दुसरी कुठाय? मला ती दिसू दे."

"नाश्ता झाला का?" मी विचारलं.

"दोन अंडी, पाव, चहा," त्या म्हणाल्या. "हवं तर ताट दाखवते." आणि मग म्हणाल्या, "तुझं?"

"काय?"

"जेवण, माय. तुमच्याकडे दुपार उलटून गेली ना?"

इतक्या देशांतल्या इतक्या माणसांशी बोलून झालं होतं, पण मला हे कुणी विचारलं नव्हतं. सकाळपासून सत्रं चालू होती. खाली भाकरी झाकून ठेवलेली होती. मी म्हणाले, "झाल्यावर जेवेन. आधी हे करू."

मॉरीनबाईंनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"मी थांबते," त्या म्हणाल्या. "आण वर."

मी खाली गेले. सासूबाईंनी ताटात भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी वाढून दिली, काही न विचारता. मी ताट टेबलावर ठेवलं, कापसाच्या ढिगाला पाठ करून बसले आणि पहिला घास मोडला. नैरोबीत वांजिरूनंही तिचा डबा उघडला. मॉरीनबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. माझी भाकरी संपेपर्यंत त्या नुसत्या बघत राहिल्या.